निवृत्तीचा हार सुकण्याआधी

आपल्या वस्त्यांमध्ये निवृत्तीचा समारंभ ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बाबासाहेबांच्या चळवळीमुळे शिकलेली, कारखान्यात, रेल्वेत, पोस्टात, शाळेत, महापालिकेत नोकरीला लागलेली पिढी एकामागून एक घरी बसते आहे. शाल मिळते, बुद्धाची मूर्ती मिळते, साहेब लोक दोन शब्द चांगले बोलतात. दुसऱ्या दिवसापासून भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब सुरू होतो. मुलीचे लग्न, घरावर स्लॅब, धाकट्याच्या धंद्याला भांडवल, गावच्या विहाराला देणगी. या साऱ्या हिशेबात एक रकाना मात्र बहुतेक घरांत कोराच राहतो. तो रकाना औषधपाण्याचा.

नोकरी संपली की पगार थांबतो, हे सर्वांना माहीत असते. त्याच दिवशी दवाखान्याचे कार्डही थांबू शकते, हे मात्र छातीत दुखू लागल्यावर कळते. मग वर्गणी काढली जाते, दागिना मोडला जातो, व्याजाने पैसे घेतले जातात. तीस वर्षांची कमाई आठ दिवसांत रुग्णालयाच्या काउंटरवर रिकामी होते. वकिलीच्या धंद्यात आणि चळवळीच्या कामात आम्ही ही माणसे रोज पाहतो. दुःख याचे होते की त्यातल्या अनेकांचा उपचाराचा हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत होता. फक्त तो कोणी त्यांना सांगितला नव्हता. मालकाने सांगितला नाही, आस्थापना शाखेतल्या बाबूने सांगितला नाही आणि खरे बोलायचे तर युनियनच्या पुढाऱ्यांनीही सांगितला नाही.

म्हणून आज राजकारणाचा विषय बाजूला ठेवून आम्ही या प्रश्नावर लिहीत आहोत. अर्थात हाही राजकारणाचाच प्रश्न आहे, हे लेखाच्या शेवटी वाचकांच्या ध्यानात येईल.

पहिली गोष्ट ही, की कामगाराचा आरोग्य विमा ही कोणाची मेहेरबानी नाही. जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपले कामगार जिला नुसते 'ईएसआय' म्हणतात तीच ही योजना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी योजना चालू आहे. पगारातून दर महिन्याला कापलेल्या पैशावर ती उभी आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के तिच्यात जमा होतात. स्वतःचे पैसे भरून घेतलेल्या हक्काला दान कसे म्हणायचे?

आता निवृत्तीकडे येऊ. ईएसआयच्या नियमांत एक तरतूद आहे, जी प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिली गेली पाहिजे. ज्या कामगाराने किमान पाच वर्षे विमेदार म्हणून काम केले आणि जो निवृत्तीचे वय झाल्यामुळे किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला पुढेही वैद्यकीय सुविधा मिळू शकते. त्यासाठी नियमाने ठरलेली वर्गणी दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाला १२० रुपये. ती एका वर्षाची एकदम, आगाऊ भरायची आणि दरवर्षी भरत राहायची. कामगाराचे निधन झाले तर भरलेल्या वर्गणीची मुदत संपेपर्यंत पत्नीची सुविधा चालू राहते आणि पुढेही तेवढीच वर्गणी भरून ती चालू ठेवता येते.

वर्षाला १२० रुपये! चहाच्या टपरीवर आठवड्यात याहून जास्त खर्च होतात. तरीही किती निवृत्त कामगारांनी हे कार्ड काढले आहे, हे आपापल्या वस्तीत विचारून पाहावे. उत्तर ऐकून मान खाली जाईल. कारण हे कार्ड आपोआप मिळत नाही. मालकाकडून निवृत्तीचे आणि सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो, त्या वेळी चालू असलेला दर विचारून वर्गणी भरावी लागते. कारखाना चालू आहे, मॅनेजर ओळखीचा आहे, तोवर प्रमाणपत्र एका दिवसात मिळते. दोन वर्षांनी कारखान्याला टाळे लागले, मालक गुजरातला निघून गेला, की तोच कागद मिळवायला वकील करावा लागतो. म्हणून हे काम निवृत्तीच्या आधी करायचे, नंतर नव्हे.

या तरतुदीत एक मोठे भोकही आहे. ईएसआयला पगाराची मर्यादा असते. १ जानेवारी २०१७ पासून ती महिना २१ हजार रुपये ठरली. म्हणजे एखाद्या कामगाराने वीस वर्षे वर्गणी भरली, शेवटच्या काही वर्षांत पगार २१ हजारांच्या वर गेला, की तो विम्यातून बाहेर. मग निवृत्त झाला तेव्हा तो विमेदार नव्हता, असे उत्तर त्याच्या हातावर ठेवले जाते. तरुण होता, धडधाकट होता, तेव्हा पैसे घेतले. म्हातारा झाला, आजारी पडला, तेव्हा दार बंद केले. हा कुठला न्याय? फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआय महामंडळाने या अन्यायाची काही प्रमाणात दखल घेतली. १ एप्रिल २०१२ नंतर विम्याच्या नोकरीत असलेले, किमान पाच वर्षे विमेदार राहिलेले, पगारमर्यादा ओलांडल्यामुळे बाहेर पडलेले आणि १ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर ३० हजारांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेले, अशांना सुविधा देण्याचा निर्णय त्या बैठकीत झाला. या वर्णनात बसणाऱ्या प्रत्येकाने शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारणाऱ्याला तोंडी उत्तर मिळते आणि तोंडी उत्तरावर कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.

त्याहून वाईट अवस्था कंत्राटी कामगारांची आहे. सफाई, सुरक्षा, माल चढवणे-उतरवणे या कामांत आपल्या समाजाची माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. माणूस त्याच फाटकावर, त्याच गटारावर पंधरा वर्षे काम करतो. ठेकेदार मात्र दर दोन वर्षांनी बदलतो. प्रत्येक नवा ठेकेदार नवा विमा क्रमांक काढतो, नावाचे स्पेलिंग बदलतो, जन्मतारीख अंदाजाने टाकतो. निवृत्तीच्या वेळी कागदावर पंधरा वर्षे सलग दिसतच नाहीत. दोन वर्षांचा एक माणूस, तीन वर्षांचा दुसरा माणूस असे तुकडे दिसतात. पाच वर्षांची अट इथेच अडकते. म्हणून कंत्राटी कामगाराने पहिल्या दिवशी मिळालेला विमा क्रमांक पाठ करून ठेवावा आणि नव्या ठेकेदाराला तोच क्रमांक पुढे चालवायला लावावा. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी ईएसआयच्या कायद्याने मूळ मालकावरच टाकली आहे. हे एक वाक्य कंत्राटी कामगारांच्या प्रत्येक बैठकीत सांगितले गेले पाहिजे.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बांधवांसाठी सीजीएचएस ही योजना आहे. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या या योजनेची आरोग्य केंद्रे आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. निवृत्तांना इथे दोन पर्याय असतात. वर्षाची वर्गणी दरवर्षी भरायची किंवा दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आजीव कार्ड घ्यायचे. २०१७ साली ठरलेल्या दरानुसार वेतनस्तर १ ते ५ साठी दरमहा २५० रुपये, म्हणजे आजीव कार्डाला ३० हजार. स्तर ६ साठी ४५० रुपये, म्हणजे ५४ हजार. स्तर ७ ते ११ साठी ६५० रुपये, म्हणजे ७८ हजार. त्यावरच्यांसाठी १ हजार रुपये, म्हणजे १ लाख २० हजार. साठाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस सत्तरी ओलांडतो तेव्हा आजीव कार्ड फायद्याचे ठरते, हे साधे गणित आहे. शिवाय मधल्या काळात दर वाढले तरी त्याला झळ लागत नाही. ज्या दिवशी ग्रॅच्युइटी खात्यावर पडेल, त्या दिवशी पहिला खर्च या कार्डाचा करावा. लग्नाचा मांडव नंतर घालावा.

जे निवृत्तीनंतर गावी जाऊन राहतात आणि जिथे सीजीएचएसचे केंद्र नाही, त्यांना निवृत्तिवेतनासोबत महिना १ हजार रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. हा दर जुलै २०१७ पासूनचा आहे. पण हा भत्ता फक्त बाह्यरुग्ण उपचारासाठी, म्हणजे रोजच्या गोळ्या-औषधांसाठी आहे. अनेकजण भत्ता घेऊन स्वस्थ बसतात आणि शस्त्रक्रियेची वेळ आली की कपाळावर हात मारतात. भत्ता बाह्यरुग्ण उपचारासाठी आणि सीजीएचएसचे कार्ड रुग्णालयात दाखल होण्यासाठी, असा दुहेरी पर्याय नियमात आहे. तो निवडावा. नोकरीत असताना केंद्राजवळ राहत नव्हतो म्हणून आता कार्ड मिळणार नाही, ही समजूतही चुकीची आहे.

रेल्वेतल्या निवृत्तांसाठी १९९७ पासूनची उदारीकृत आरोग्य योजना आहे. तिच्यात निवृत्तीच्या वेळी एकदाच रक्कम भरायची असते आणि त्यासाठी साधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम हे सेवेत असलेल्यांसाठी आहेत. बिले मंजूर करून घेण्याची सवय लागलेल्या गुरुजींना आणि लिपिकांना निवृत्तीनंतर हा धक्का बसतो. त्यांनी निवृत्तीच्या वर्षभर आधीच आस्थापना शाखेला लेखी विचारून पुढची व्यवस्था काय, याचे लेखी उत्तर घ्यावे.

ज्यांच्याकडे यापैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करून संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचे ठरले. शिधापत्रिका कोणत्या रंगाची, हा प्रश्न त्यामुळे उरला नाही. दुसरी योजना केंद्राची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, 'आयुष्मान वय वंदना' कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी हे पाच लाख वेगळे. पण एका घरात सत्तरी पार केलेले दोघे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून आहे.

इथे तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. ईएसआयचे कार्ड किंवा खासगी मेडिक्लेम असलेल्यांना वय वंदना कार्डही घेता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते. 'पाच लाख' हा आकडा पाहून सीजीएचएस सोडण्याची घाई कोणी करू नये. कारण, आणि ही तिसरी गोष्ट, फुले योजना आणि आयुष्मान या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, दर महिन्याची तपासणी त्यात येत नाही. म्हाताऱ्या माणसाचे कंबरडे मोडते ते या रोजच्या खर्चाने. तो खर्च ईएसआयचा दवाखाना आणि सीजीएचएसचे केंद्र उचलते.

साठ ते सत्तर या दहा वर्षांत खासगी नोकरीतून बाहेर पडलेला माणूस सर्वात उघडा पडतो. त्याला खासगी विमा घ्यायचा असेल तर तो निवृत्तीनंतर घेऊन भागत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. पंचावन्नाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी साठाव्या वर्षी कामाला येते. साठाव्या वर्षी आजार घेऊन गेलेल्याला थांबावे लागते.

आता कागदांविषयी. आपल्या समाजात कागदांचे दुखणे जास्त आहे आणि त्याची कारणे सामाजिक आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख सर्रास लिहून टाकली. आधार कार्डावर तिसरीच तारीख आली. धम्मदीक्षेनंतर नावे बदलली, आडनावे बदलली. सेवापुस्तकात जुने नाव, आधारवर नवे. पत्नीचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे, कुठे नुसतेच 'बाई' लावून. वय वंदना कार्डाचे वय आधारवरून ठरते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, पत्नीचे नाव चुकले तर पतीच्या पश्चात तिचे निवृत्तिवेतनही अडते आणि दवाखानाही. म्हणून निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी सेवापुस्तक, आधार, पॅन, शिधापत्रिका आणि विमा कार्ड एका ओळीत मांडावे आणि फरक दिसेल तिथे दुरुस्ती करावी. नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा ती पुराव्यानिशीच बदलावी. अपंग मुलगा किंवा मुलगी अवलंबून असेल तर त्यांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नोकरी चालू असतानाच नोंदवावे.

कोणी म्हणेल, कार्ड काढून उपयोग काय? सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, औषध नसते. ही तक्रार खोटी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण दवाखाना वाईट म्हणून हक्क सोडून देणे म्हणजे विहीर गढूळ झाली म्हणून पाण्यावरचा दावाच सोडणे होय. आम्हाला तो मार्ग मान्य नाही. चवदार तळ्याचे वारस असे म्हणू शकत नाहीत.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. १९९५ साली कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कामगाराला नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही आरोग्य व वैद्यकीय मदत मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालचा मूलभूत हक्क आहे. ते प्रकरण ॲस्बेस्टॉसच्या धुळीत फुप्फुसे गमावलेल्या कामगारांचे होते. २००७ साली किशोर लाल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ईएसआय रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरवले. म्हणजे तिथल्या हलगर्जीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१८ साली शिवकांत झा यांच्या प्रकरणात, सीजीएचएसच्या यादीत नसलेल्या रुग्णालयात तातडीने उपचार घेतले एवढ्या कारणावरून निवृत्ताचे बिल नाकारता येणार नाही, असा निकाल आला. अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य आणि आजारपणात राज्याने साहाय्य करावे असे लिहिलेले आहे. संविधानाची शपथ घेणाऱ्या सरकारांना याची आठवण करून देण्याचे काम आपले आहे.

म्हणूनच आम्ही सुरुवातीला म्हटले, की हा राजकारणाचाच प्रश्न आहे. एकट्याने अर्ज केला तर बाबू उद्या या म्हणतो. पन्नास जणांनी एकाच दिवशी अर्ज दिले तर तोच बाबू खुर्ची देतो. प्रत्येक विहाराच्या समितीने, प्रत्येक युनियनने वर्षातून एक रविवार या कामाला द्यावा. पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी करावी, त्यांचे कागद तपासावेत, ईएसआयची वर्गणी न भरलेल्या निवृत्तांना आणि विधवा भगिनींना सोबत नेऊन ती भरून घ्यावी, सत्तरी ओलांडलेल्यांची कार्डे काढून द्यावीत. कंत्राटी कामगारांच्या वर्गणीचा प्रश्न मूळ मालकापुढे लेखी मांडावा. आणि निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक सरळ प्रश्न विचारावा: वीस वर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराला पगार वाढला म्हणून म्हातारपणी विम्याबाहेर काढणारी अट तुम्ही काढणार की नाही?

निवृत्ताला शाल पांघरणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्याच्या हातात वर्षभराच्या ईएसआय वर्गणीची पावती ठेवावी. १२० रुपयांचा हा सत्कार शालीपेक्षा स्वस्त पडेल आणि शालीपेक्षा जास्त ऊब देईल.